गोधडी शिवायची आहे? आधी बोहारणीला गाठा

होळी पेटली, थंडी गेली, आता गोधडी शिवायला घ्या. ऐकायला उलटं वाटतं, पण पांघरायची वस्तू शिवायचा मोसम हाच. गावाकडे रब्बीची कामं उरकली की ओसरीवर, अंगणात, देवळाच्या फरशीवर गोधड्या अंथरल्या जातात आणि मृग लागायच्या आत त्या आटोपायच्या असतात. एकदा पाऊस लागला की कापड ओलसर राहतं, अंगण हातचं जातं आणि शिवणाऱ्या बाया शेतात जातात. तुम्हाला शेत नाही, अंगण नाही, मृग कधी लागतो तेही कॅलेंडर पाहून कळतं. तरी सुरुवात एप्रिलातच करा. पुढचे सगळे टप्पे नीट पार पडले, तर दिवाळीपर्यंत तुमचा उशीचा एक अभ्रा तयार असेल.

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी आजवर शर्टाच्या बटणापलीकडे काही शिवलेलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी बटणही कोपऱ्यावरच्या टेलरकडे नेलं त्यांच्यासाठीसुद्धा. ‘हे बायकांचं काम’ म्हणून पान उलटणाऱ्या पुरुषांना एवढंच सांगायचं, की संत नामदेव शिंप्याच्या घरातले होते, आणि तुमच्या पँटी आखूड करून देणारा तो टेलरही बहुधा पुरुषच आहे. बसा इथेच.

जुनेर मिळवणे

परदेशी व्हिडिओंमध्ये पहिली सूचना असते, कापड विकत घ्या. दुकानातून कोरं, महागडं कापड आणायचं, त्याचे चौकोन कापायचे आणि मग तेच चौकोन पुन्हा एकमेकांना जोडायचे. जे अखंड होतं ते परत अखंड करायचं, मध्ये फक्त दोन महिने आणि पाठीचा मणका खर्ची घालायचा. ही श्रीमंतांची करमणूक आहे. अमेरिकेत तरी सगळीकडे असं कुठे होतं? अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे. तिथल्या बाया नवऱ्यांच्या शेतात झिजलेल्या पँटी आणि शर्ट फाडून त्याच्या गोधड्या करत, कारण घरात थंडी होती आणि पैसे नव्हते. २००२ साली त्याच गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. आपल्या आज्यांच्या गोधड्या कुठे लागल्या? माळ्यावर. त्यामुळे आपण कापड विकत घेणार नाही. आपण जुनेर गोळा करणार आहोत, आणि इथेच पहिली लढाई आहे.

तुमची प्रतिस्पर्धी आहे बोहारीण. ती दुपारी दोनला, घरातले कर्ते लोक झोपलेले असताना येते, डोक्यावरची टोपली उतरवते आणि तीन साड्यांवर एक स्टीलचा डबा देऊ करते. तुम्ही देऊ करता ती गोधडी, जी अजून अस्तित्वात नाही आणि जिच्याबद्दल घरात कुणालाही खात्री नाही. डबा समोर चकाकत असतो. या स्पर्धेत तुम्ही हरणार. म्हणून तिच्याशी भांडू नका, तिला गाठा आणि तिच्याकडूनच सुती साड्या घ्या. कुठली साडी विरली आहे आणि कुठली अजून दहा वर्षं टिकेल, हे तिला बोटांनी कळतं. कापडाची इतकी जाण असलेला शिक्षक तुम्हाला कुठल्याही क्लासात मिळायचा नाही.

घरातल्या कपाटातून साडी काढायची असेल तर मात्र प्रकरण नाजूक आहे. वीस वर्षांत जिची घडी मोडलेली नाही अशी साडी तुम्ही नुसती हातात घ्या, त्या क्षणी ती घरातली सर्वांत लाडकी साडी होते. ‘ती नको, ती माझ्या डोहाळजेवणाची.’ ‘ती नको, ती तुझ्या मावशीने दिलेली.’ मावशीशी बारा वर्षं बोलणं नाही, पण साडी नको. अशा वेळी वाद घालू नये. साडी परत ठेवावी आणि सासूबाईंना किंवा आईला म्हणावं, ‘बरं, मग तुम्हीच सांगा कुठली घेऊ.’ निवडीचा मान मिळाला की दोन साड्या मिळतात. त्यातली एक नायलॉनची असते.

नायलॉन, जॉर्जेट, टेरिकॉट यांना गोधडीत जागा नाही. ती सटकतात, घाम टिपत नाहीत आणि सुई आत जाताना कुरकुरतात. जीनचं कापड हाताने शिवायला घेऊ नका, बोटं जातील. जुनी रेशमी साडी घडीवर विरलेली असते. दिसते शाबूत, पण पहिल्या टाक्याला घडीच्या रेषेवर फाटते. पैठणीचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. हवं ते जुनं, अनेकदा धुतलेलं, मऊ सुती कापड: लुगडी, सहावारी साड्या, धोतरं, लेंगे, परकर, चादरी. एक साधी परीक्षा करा. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून आडवं ताणा. टरकलं तर ते फडकं. नुसतं पातळ झालं असेल तर आतल्या थराला. घट्ट राहिलं तर वरच्या थराला. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड आधी रंग जाईपर्यंत वेगळं धुवा, नाहीतर पहिल्या धुण्याला सगळी गोधडी गुलाबी होईल आणि तुम्हाला ते मुद्दामच केलं म्हणून सांगत बसावं लागेल.

कोरं कापड वापरायचंच झालं, तर कापायच्या आधी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरं सुती कापड पाण्यात आटतं आणि त्याची खळही निघून जाते. हे आधी केलं नाही तर कापड शिवल्यावर आटतं.

हत्यारं

यादी छोटी आहे. बारीक आणि लांब अशा दोन-तीन सुया, जाड सुती दोरा, टाचण्या, टेप, खडू, मेणाचा तुकडा, बोटाला घालायचं अंगुस्तान आणि कात्री. पुण्यात असाल तर हे सगळं बोहरी आळी आणि तुळशीबाग यांच्यामध्ये मिळतं, अट एवढीच की तुळशीबागेत शिरल्यावर आपण कशासाठी आलो होतो ते लक्षात राहिलं पाहिजे. गावोगावच्या मॅचिंग सेंटरमध्येही बरंच काही मिळतं. तिथला माणूस शंभर हिरव्यांतून तुमच्या पदराचा हिरवा ओळखून काढतो. त्याला तुमचा प्रकल्प समजावून सांगू नका, तुमच्यामागे रांग असते.

कात्री फक्त कापडाची. तिने कागद कापला की धार जाते. घरात हे जाहीर करा, कात्रीवर चिठ्ठी लावा, कात्री लपवा. आठवड्याभरात कुणीतरी तिने दुधाची पिशवी कापेल. गोल पात्याचा फिरता कटरही मिळतो. जपानच्या ओल्फा कंपनीने तो १९७९ साली आणला आणि जगभरच्या गोधडीवाल्यांचे अंगठे वाचले. त्याच्याखाली खास चटई लागते. ती आणली नाही तर सरळ रेषा उत्तम येते, पण डायनिंग टेबलावर.

मशीनबद्दल थोडक्यात. पायाची मशीन असेल तर आधी दोरा न ओवता, नुसत्या कागदावर चालवून पाय बसवा. चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, आणि पहिले काही दिवस ते उलटंच फिरतं. कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की प्रत्येक नवशिका बॉबिनला शिव्या देतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. दाब वर उचलून दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई बदला. जाड थरांना १६ नंबरची घाला. एवढं करूनही मशीन अडली तर तेल घाला आणि उद्या बसा. मशीनलाही राग येतो.

उशी: जी कुणी टेकायला घेत नाही

गोधडीआधी उशी करायची, कारण ती लवकर संपते. सोफ्यावरच्या शोभेच्या उश्यांबद्दल एक गोष्ट आधी जाणून घ्या. आपल्याकडचा पाहुणा उशीला टेकत नाही. तो ती उचलतो, मांडीवर घेतो आणि जाईपर्यंत धरून बसतो. चहाची बशी तिच्यावर ठेवतो, चिवड्याचा हात तिला पुसतो. गप्पा रंगल्या की तिच्या कोपऱ्याचा धागा ओढत राहतो. म्हणून अभ्रा निघणारा आणि धुता येणारा हवा. आरसे, मणी, टिकल्या लावू नका. दुपारी त्या उशीवर डोकं टेकवून झोपलेल्या माणसाच्या गालावर त्यांची नक्षी संध्याकाळपर्यंत राहते.

माप १६ इंच बाय १६ इंच धरू. चेन लावायच्या भानगडीत पडू नका, मागची बाजू पाकिटासारखी करा. पुढच्या बाजूसाठी १७ इंचांचा चौकोन कापा. चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो. मागच्या बाजूसाठी १७ बाय १२ इंचांचे दोन तुकडे. प्रत्येक तुकड्याची एक १७ इंची कड एक इंच आत दुमडून टीप मारा. आता पुढचा चौकोन सुलट बाजू वर ठेवून पसरा, त्यावर मागचे दोन तुकडे सुलट बाजू खाली करून ठेवा. दुमडलेल्या कडा मध्यावर पाच इंच एकमेकींवर येतील. चारी बाजूंनी टीप मारा. कोपरे तिरके कापा, पण शिवणीपासून दोन सूत सोडून. मग मागच्या दुमडींमधल्या फटीतून अभ्रा सुलट करा. ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे शब्द पुन्हा एकदा वाचा, कारण पहिल्या अभ्र्याची एक बाजू प्रत्येकाची उलटीच लागते. उसवायचं छोटं हत्यार आणून ठेवा. शिंपी अर्ध्या ब्लेडने उसवतो म्हणून तुम्ही तसं करू नका. त्याचा हात बसलेला आहे.

कोपरे आतून ढकलताना कात्रीचं टोक वापरण्याचा मोह होईल. भोक पडेल. विणायची सुई किंवा पेन्सिलीची बोथट बाजू घ्या. तरी भरल्यावर कोपरे गाढवाच्या कानांसारखे उभे राहतात. त्यावर उपाय असा, की टीप मारतानाच कोपऱ्यापाशी ती अर्धा इंच आत, हलकी निमुळती घ्यावी. दुसरा उपाय म्हणजे आतली उशी १६ ची न घेता १८ ची घ्यावी. मोठी उशी कोंबली की अभ्रा तट्ट भरतो. दुकानदार म्हणेल, ‘ताई, सोळाला सोळाच लागते.’ त्याला हो म्हणा आणि अठराची घ्या.

तुकड्यांची नक्षी हवी असेल तर पाच इंचांचे सोळा चौकोन कापा. चार-चार जोडून चार ओळी करा. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच गेला, की ओळ बरोबर १७ इंचांची होते. होते, म्हणजे झाली पाहिजे. एका शिवणीत एक सूत इकडे-तिकडे झालं तर काय बिघडलं, असं वाटतं. ओळीत तीन शिवणी आहेत, म्हणजे तीन सूत. पहिली ओळ तीन सूत लांब आणि दुसरी तीन सूत आखूड झाली, की चौकोनांचे चौक कुठेच जुळत नाहीत. इस्त्री करताना पहिल्या ओळीतल्या शिवणी डावीकडे पाडा, दुसरीतल्या उजवीकडे. म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत बसतात आणि चौक आपोआप जुळतो. हे सांगितल्याबद्दल तुम्ही एक दिवस मला दुवा द्याल.

सध्या खणाच्या उश्यांची लाट आहे. खण सुंदर दिसतो यात वाद नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरून उतरलेलं ते कापड आपल्या आज्यांच्या चोळ्यांना पिढ्यान् पिढ्या पुरलं. पण कापल्याबरोबर त्याच्या दशा निघायला लागतात. कापलेला खण आठ दिवस पिशवीत ठेवलात तर सोळाचा चौकोन पंधराचा झालेला असतो. कापा, लगेच कडा बांधा, त्याच बैठकीत शिवा.

गोधडी

आता मुख्य काम. नऊवारी लुगडं नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याची लांबीत चौघडी केली, की साधारण पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद असे चार थर मिळतात. एका माणसाची उन्हाळी, नाहीतर एसीतली गोधडी झाली. कापाकापी शून्य. ज्या कुणी लुगड्याची ही लांबी ठरवली तिच्या डोक्यात गोधडी असणारच, असा माझा संशय आहे. सहावारी साडी साडेपाच मीटर. तिची तीन पदरी घडी केली तर सहा फूट लांब गोधडी होते, म्हणजे उंच माणसाचे पाय बाहेर. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण सहावारीनंतरची असावी. अलीकडे मिळणारी शिवलेली नऊवारी मात्र आपल्या काही कामाची नाही. ती उसवली तर विजारीचे तुकडे हाती लागतात.

थंडीची गोधडी हवी असेल तर आत आणखी दोन साड्यांचे, चादरीचे, धोतराचे थर घाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाकळीत तर एवढं काही असतं, की ती अंगावर घेतल्यावर कूस बदलायचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

हे थर अंथरायला घरात सात फूट बाय चार फूट मोकळी जमीन लागते. फ्लॅटमध्ये ती टीपॉय, टीव्हीचा स्टँड आणि सोफा हलवल्यावर दिसते. फरशी पुसा, थर एकावर एक पसरा, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढा आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. खलबत्ता चालेल, शब्दकोश चालेल. मग लांब लांब कच्चे टाके घाला, मधून सुरू करून बाहेर. हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून सगळे नवशिके तो गाळतात. मग वरचा थर सरकतो, मधोमध फुगा येतो, आणि तो फुगा कितीही दाबला तरी एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी जातो. कच्चे टाके घाला. गोधडी अंथरलेली असताना घरातली सर्व माणसं नेमकी तिच्यावरूनच जातात. मांजर असेल तर ते मधोमध बसतं. त्याला उठवू नका, तेही वजनच आहे.

आता धावदोरा. सुई खाली, सुई वर, बस्स. जगातला सर्वांत सोपा टाका. दोरा हातभरच घ्या. लांब घेतला तर ओवायचा त्रास वाचतो आणि गाठी सोडण्यात दुप्पट वेळ जातो. दोऱ्याला मेण लावा. लांब सुई असेल तर तीन-चार टाके एकदम सुईवर घेऊन मग दोरा ओढता येतो. कडेपासून सुरू करून चौकटीमागून चौकट घालत आत यायचं, ही जुनी रीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोकही त्यांची कवंदी अशीच बाहेरून आत शिवत नेतात. शेवटी ते चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फूल नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी. आपल्याकडे साडीचे काठ काढून ते गोधडीच्या कडेला लावतात. त्याने गोधडीला रूप येतं, आणि झिजणारी कडही बळकट होते.

ओळी बोटाच्या अंतराने घालायच्या. बोट म्हणजे इंच धरू आणि जरा गणित करू. चार फूट रुंदीत ४८ ओळी. प्रत्येक ओळ ८१ इंच. सगळ्या मिळून ३२४ फूट, म्हणजे जवळपास शंभर मीटर. चौकटीतून शिवा नाहीतर लांबीत, बेरीज साधारण तेवढीच. इंचाला चार टाके घातले तर १५,५५२ टाके. मिनिटाला दहा टाके धरले तर सव्वीस तास. यात दोरा ओवणं, गाठी सोडणं, कुकरच्या शिट्ट्या आणि ‘अजून झाली नाही का?’ हा प्रश्न धरलेला नाही. इंचाला दोनच टाके घातले तर काम अर्ध्यावर येतं. अशा गोधडीत पहिल्या आठवड्यात पायाचं बोट अडकतं.

टाके वाकडे येतील. येऊ देत. घरच्या गोधडीवरच्या ओळी कधीच पट्टीने आखलेल्या नसतात, आणि चार जणींनी चार बाजूंनी शिवायला घेतलेल्या गोधडीत प्रत्येकीचा हात वेगळा दिसतो. कुणाचा टाका गव्हाएवढा, कुणाचा तांदळाएवढा. गाडगेबाबांना काही लोक गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या अंगावरच्या चिंध्या कुणी रंग जुळवून लावल्या नव्हत्या.

मैत्रिणी

पहिली उशी सोफ्यावर ठेवलीत की मैत्रीण येणार. ती उशी मांडीवर घेणार आणि म्हणणार, ‘अगं, किती सुंदर! घरी केलीस? वाटतच नाही.’ हे कौतुक आहे. लगेच पुढचं वाक्य येतं, ‘मलाही कर ना दोन, फावल्या वेळात.’ फावला वेळ तुमचा आहे हे तिने ठरवून टाकलेलं असतं. अशा वेळी नाही म्हणू नका. ‘करते की, जुनी सुती साडी आणून दे,’ म्हणा. निम्म्या मैत्रिणी इथे थांबतात. उरलेल्यांपैकी काही जणी साडी आणून देतात, आणि पंधरा दिवसांनी फोन करून विचारतात, ‘ती कापली तर नाहीस ना अजून?’ या फोनची वाट पाहिल्याशिवाय मैत्रिणीच्या साडीला कात्री लावायची नाही.

भेट देताना माणूस पाहून द्या. ज्या घरात सोफ्यावर चादर, चादरीवर प्लॅस्टिक आणि रिमोटलाही पिशवी आहे, तिथे तुमची गोधडी कपाटात जाणार. ‘इतकी छान आहे, वापरवत नाही गं,’ असं सांगून ती डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवली जाईल, आणि सात-आठ वर्षांनी तिथूनच ती तिसऱ्या कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून निघेल. वापरणाऱ्या घरात द्या. जिथे पोरं तिच्यावर उड्या मारतील, तिचा तंबू करतील, कुत्रं तिच्यावर झोपेल, तिथे.

सर्वांत यशस्वी भेट म्हणजे बाळाचं दुपटं. मीटरभर चौकोन, आजोबांच्या जुन्या धोतराचे दोन थर, वर एखादा हत्ती नाहीतर मोर कापून लावलेला, आणि साधा धावदोरा. नवशिक्याला दोन-चार दुपारींत जमतं. ते बारशाला नेलं की दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतं, कारण दुपटं जपून ठेवायला बाळ कुणाला सवड देत नाही. दिवसातून तीनदा ओलं होतं, धुतलं जातं, वाळतं, मऊ होत जातं. बटणं, गोंडे, मणी लावू नका, बाळ ते तोंडात घालतं. मोहरीची उशी करायची टूम निघेल. आपल्याकडची ती जुनी पद्धत आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली उशी आणि झोपेत अंगावर जाड पांघरूण नको, असं आता बालरोगतज्ज्ञ सांगतात. मोहरी फोडणीत घाला.

धुणं

गोधडी एकदा झाली की घटस्थापनेआधी ती धुवावी लागणार. नवरात्र तोंडावर आलं की घराघरातली अंथरुणं-पांघरुणं नदीवर, कॅनॉलवर, विहिरीवर निघतात आणि काठ रंगीबेरंगी होतो. एका लुगड्याची गोधडी घरच्या मशीनमध्ये जाते. चार-पाच लुगड्यांची वाकळ जात नाही. ती पायांनी तुडवायची आणि दोघांनी दोन टोकं धरून उलट दिशांना पिळायची. नवरा-बायकोने हे करू नये, दिशेवरून वाद होतो. वाळवताना दोरीवर मधोमध टाकली तर पाण्याच्या वजनाने ताणून वाकडी होते, दगडावर किंवा गच्चीवर पसरून वाळवा. शोभेच्या उश्यांचे अभ्रेही त्याच दिवशी काढा. चिवड्याचं तेल निघेल, हळद निघणार नाही.

अर्ध्यावर थांबलात तर

बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या चौकटीला थांबतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कच्च्या टाक्यांतली गोधडी घडी करून ठेवू नका, तशीच पडून राहील. गल्लीत ‘गोधडी शिवायची का?’ अशी हाक देत फिरणाऱ्या बाया अजून काही गावांत, काही पेठांत येतात, आणि कुठल्याही वाड्या-वस्तीवर असं काम करणारी एखादी मावशी विचारलं की सापडते. तिला बोलवा, जमीन मोकळी करून द्या, सगळे थर समोर ठेवा, चहा करा. तुमच्या घातलेल्या ओळी ती पाहील आणि काही न बोलता उसवेल. ती मजुरी सांगेल तेव्हा ‘एवढी?’ म्हणू नका. १५,५५२ हा आकडा तुमच्याकडे आहे, भागाकार करा आणि मागेल तेवढे पैसे द्या.